सावली कुणाच्या नावावर?

टिळकवाडी, बेळगाव
चैत्र अमावास्या

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू तीन वेळा विचारलंस, “काका, घेऊ की नको?” आणि मी तिन्ही वेळा “बघू” म्हणालो. तुझी आई समोर होती, पाहुणे बसले होते. शिवाय तू मोबाईलवर एकेक फोटो सरकवत होतीस तेव्हा माझं लक्ष तुझ्या बोलण्याकडं नव्हतंच. तू ओटा दाखवलास, गच्ची दाखवलीस, गच्चीवरून दिसणारा राजहंसगड दाखवलास. मी पहिल्याच फोटोत अडकून पडलो होतो. फाटकावर वाकलेलं ते रेनट्रीचं झाड. सावली निम्म्या अंगणात आलीय आणि बुंधा मात्र कुंपणाच्या बाहेर आहे.

तुला ते घर त्या झाडासाठीच हवंय. तू तसं म्हणाली नाहीस, खरं मला कळलं. बेंगळूरच्या टोकाला सातव्या मजल्यावर सहा वर्षं काढलेल्या माणसाला येळ्ळूर रस्त्याच्या आत असलं झाड दिसलं, की पुढचं काही दिसेनासं होतं. तीन दिवसांनी अक्षय तृतीया. त्या दिवशी विसार द्यायचा म्हणून एजंट तुझ्या मागं लागलाय. म्हणून आजच लिहायला बसलो.

माझा प्रश्न एकच आहे. ती सावली कुणाच्या नावावर आहे?

हसू नको. घराचा उतारा तू आणलास, तो मी बघितला. नाव, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं त्यात आहे. सावलीची नोंद कुठल्याच उताऱ्यात नसते, आणि तू पैसे मोजणार आहेस ते मात्र निम्मे त्या सावलीसाठी. एकतीस वर्षं मी एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढले. किती लेआऊट माझ्या हाताखालून गेले ते मोजलं नाही. माणूस भिंती विकत घेतो आणि राहायला जातो ते झाडाखाली, हे मला फार उशिरा समजलं. तोवर पुष्कळ झाडं गेली होती. त्यातलं एक माझ्या दारातलं. त्याचं पुढं सांगतो.

मी खानापूर तालुक्यातून १९७४ साली इथं आलो तेव्हा टिळकवाडीला लोक ‘गावाबाहेर’च धरत. शहापूरच्या पेठेत राहणारा माझा मामा म्हणायचा, “गेटापलीकडं कशाला राहतोस, रातीचं कुत्रंसुद्धा फिरकत नाही.” बंगल्यांना मंगळुरी कौलं, मेंदीची कुंपणं, पुढं तगर-जास्वंद, मागं फणस-आंबा आणि एक आड. आता दुसऱ्या रेल्वे गेटावर उभी राहा आणि हे कधी काळी शहराचं टोक होतं असं कुणाला सांगून बघ. वेड्यात काढतील. तुमच्या बेंगळूरचं तरी काय वेगळं? मल्लेश्वरम आणि बसवनगुडी १८९८ च्या प्लेगनंतर गावाबाहेरची मोकळी हवा म्हणून वसवले. आज ते शहराच्या पोटात आहेत. टोक एका जागी थांबत नाही. तू आज ज्याला शहराचा काठ म्हणतेस, तिथं तुझी चाळिशी यायच्या आत चौक होईल आणि चौकात सिग्नल लागेल. म्हणून ‘शांत आहे का’ हा प्रश्न फुकट आहे. आज शांतच आहे. रहदारी वाढल्यावर तिथं झाड ठेवायचं की नाही हे कोण ठरवणार, ते विचार.

इथली काँग्रेस विहीर तू लहानपणी बघितली असशील. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यासाठी ती खोदली. अधिवेशन दोन दिवसांचं, आणि त्यासाठी उभं केलेलं ते विजयनगर कापडा-बांबूचं. माणसं दोन दिवसांसाठी आली तरी त्यांनी आधी पाणी बघितलं. तू तीस वर्षांचं कर्ज काढणार आहेस आणि पाण्याचं विचारलं तर म्हणालीस, “बोअर आहे म्हणालेत.” कोण म्हणालेत?

असो. सावलीकडं येतो.

कॅम्पात तू रोज पळायला जायचीस. केवढी झाडं आहेत तिथं. ती टिकली, कारण जमीन लष्कराची आहे आणि तिथं कुणाला प्लॉट पाडता येत नाहीत. ती सावली सगळ्यांत पक्की, आणि ती तुझी कधीच होणार नाही. दुसरी सावली जुन्या बंगल्यांची. आमच्या गल्लीत कोपऱ्यावर असा एक बंगला होता. आजी-आजोबा गेले, तीन वारस तीन देशांत. दहा वर्षं बंगला बंद आणि आंबे मात्र सगळ्या गल्लीनं खाल्ले. आम्ही सगळे म्हणायचो, आपल्या गल्लीत काय गारवा आहे! एके दिवशी तीन वारसांच्या सह्या जुळल्या आणि चार दिवसांत मैदान झालं. ओरड करायला मीच पुढं होतो. खरं कुठल्या तोंडानं? पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या आंब्याखाली फुकट बसलो. त्या झाडाला एक बादली पाणी घातलं नाही की त्या वारसांना एक पत्र लिहिलं नाही.

आता तुझ्या त्या लेआऊटमधली सिल्व्हर ओकची रांग. फोटोत छान दिसते, सरळसोट, शिस्तीत उभी. कर्नाटकात झाडं राखण्याचा १९७६ चा कायदा आहे. त्याप्रमाणं झाड तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. खरं काही झाडांना त्यातून सूट आहे, आणि सिल्व्हर ओक त्या यादीत आहे. नीलगिरी, सुबाभूळ, नारळ हेही आहेत. लेआऊटवाले सिल्व्हर ओकच का लावतात, याचा विचार केलास? लवकर वाढतो, जागा कमी खातो, गिऱ्हाईक खूश होतं आणि नको झाला की कुणाला विचारावं लागत नाही. अशी सावली भाड्यानं आणलेली असते म्हण. मांडवासारखी.

मी त्या धंद्यात होतो म्हणून सांगतोय. आमच्याकडं नकाशात झाड काढायचं प्लॅस्टिकचं टेम्प्लेट असायचं, गोल भोकांचं. पेन्सिल फिरवली की झाड तयार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मी ओळीनं गोल काढत जायचो आणि वर हिरवा रंग. मंजुरीला जाणारा नकाशा कसा बागेसारखा दिसायचा! त्यातला एक गोल जमिनीवर उगवलेला मी बघितला नाही. लेआऊटमधली उद्यानाची जागा नेहमी तिरक्या कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला नाहीतर हायटेन्शन तारेखाली का असते, माहीत आहे? कारण तिथं प्लॉट बसत नाही. मालक म्हणायचे, “ओपन स्पेस तिकडं ढकला.” मी ढकलायचो. घरी तीन माणसं खाणारी होती. हे काही मोठं कारण नाही, खरं होतं ते हेच होतं. तेव्हा तुझ्या लेआऊटचा मंजूर नकाशा माग. ब्रोशर नको, शिक्क्याचा नकाशा. त्यात हिरवा तुकडा कुठं आहे तो बघ, आणि मग जाऊन त्या तुकड्यावर उभी राहा. तिथं पत्र्याचं शेड असेल, कुणाचं तरी देऊळ झालं असेल किंवा बांधकामाचा राडारोडा पडला असेल. खरंच झाडं असली तर मला फोन कर. मी कुंदा घेऊन येतो.

आणि गच्चीवरून दिसणारा तो ‘ग्रीन व्ह्यू’. हा शब्द तू वापरलास तेव्हा मला राग आला होता. तुझा नाही, त्या एजंटाचा. पोरी, तो व्ह्यू नव्हे, ते भात आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारातला बेळगाव बासमती एके काळी लांबून लोक मागवायचे. तुझ्या आईला विचार, घरात तो भात शिजला की चार घरं सोडून वास यायचा. त्या जमिनीवर शेतकऱ्यांचं पोट आहे. हलगा-मच्छे बायपासला त्यांनी इतकी वर्षं विरोध केला, बाया-माणसं रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली, ते काही व्ह्यू जाऊ नये म्हणून नव्हे. पोरांना शेतीत राहायचं नसेल आणि गुंठ्याला एवढा भाव येत असेल, तर तो शेतकरी उद्या विकणार. त्यानं तुझ्या गच्चीसाठी भात लावत बसावं हा हक्क तुला कुणी दिला? ती हिरवळ त्याच्या नावावर आहे. तू तिचे पैसे बिल्डरला देणार आहेस, शेतकऱ्याला नाही.

शिवाय ते शिवार बळ्ळारी नाल्याचं. उन्हाळ्यात तुला तिथं नाला दिसणारही नाही, झुडपं आणि कचरा दिसेल. दर पावसाळ्यात त्या भागातलं भात पाण्याखाली गेल्याचे फोटो पेपरात येतात, तू बघितलेत. हिशेब साधा आहे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी झालं. चार एकरांच्या लेआऊटमध्ये १६० गुंठे. जुलैतल्या एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडला तर आठ लाख लिटर. शेत होतं तेव्हा बांधांनी ते पाणी धरलं, जमिनीनं पिऊन घेतलं. आता छपरं, गच्च्या, सिमेंटचे रस्ते आणि फाटकापर्यंत पेव्हर. ते आठ लाख लिटर कुठं जाणार? खालच्या अंगाला कुणाचं घर आहे, तुझं की दुसऱ्याचं, ते तू घर बघायला चैत्रात गेलीस म्हणून तुला कळलं नाही. माझं ऐकशील तर आषाढात एकदा गुडघाभर बूट घालून जा. “तोवर दुसरं गिऱ्हाईक येईल” असं एजंट म्हणेल. येऊ दे. त्या गिऱ्हाईकाचीही दया येते मला.

बेंगळूरच्या त्या टाऊनशिपचं तू म्हणालीस की तिथं निम्म्याहून जास्त जागा मोकळी आहे. असेल. ती मोकळी जागा गाड्यांच्या पार्किंगच्या स्लॅबवर आहे. स्लॅबवर तीन फूट माती आणि त्यात पाम. त्यांना ठिबकनं पाणी मिळतं तोवर ते उभे. पाण्याचं तर तूच २०२४ च्या मार्चमध्ये फोनवर सांगत होतीस, बोअर आटल्यात, टँकरची वाट बघत बसलोय. शहराभोवतालची ११० खेडी २००७ साली तिथल्या महापालिकेत घेतली आणि त्यांच्यासाठीचं कावेरीचं पाणी सुरू झालं ते २०२४ च्या ऑक्टोबरात. सतरा वर्षं. शहर हद्द आधी वाढवतं आणि नळ मागनं आणतं, हे इथंही तसंच होणार. आमच्याकडं २००८ च्या सुमाराला दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी आलं तेव्हा केवढं कौतुक झालं. बाकीचे वॉर्ड पुढं कितीतरी वर्षं ते कौतुक वाचत बसले.

आता माझ्या फणसाचं.

हे घर मी १९८३ मध्ये घेतलं तेव्हा फाटकाशी फणस होता. माझ्या आधीच्या मालकानं लावलेला, माझ्याहून वयानं मोठा. त्याच्या सावलीचा मोठा भाग फाटकाबाहेर रस्त्यावर पडायचा. तिथं येळ्ळूरहून एक आज्जी भाजी घेऊन बसायची. मेथी, पोकळा, श्रावणात भेंड्या. टोपली उतरवून आधी फणसाच्या बुंध्याला पाठ टेकायची आणि म्हणायची, “गार वाटलं बघ बाबा.” मला ते माझं कौतुक वाटायचं. जणू गारवा मी पुरवत होतो.

१९९६ च्या पावसाळ्यात माझी आई फाटकापाशी शेवाळावर घसरली. खुबा मोडला. ती पडून राहिली तेव्हा घरात सगळ्यांनी एकच लावून धरलं, अंगण सिमेंटचं करा. केलं. फाटकापासून पायरीपर्यंत, फणसाच्या बुंध्याला चिकटवून, कुठं दोन बोटं माती दिसू नये असं गुळगुळीत. गवंडी म्हणाला होता, “मालक, झाडाभोवती थोडं सोडूया की.” मी नको म्हणालो. तिथं पाणी साचेल, परत शेवाळ होईल. मी नकाशे काढणारा माणूस, गवंड्याचं ऐकेन होय?

झाडाचं तोंड बुंध्यात नसतं. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीत, पार फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडं पसरलेली असतात, आणि त्यांना हवा लागते. वरून सिमेंट ओतलं की ती गुदमरतात. हे लगेच दिसत नाही. पहिली तीन-चार वर्षं फणस उलट जास्त लागले. मी लोकांना सांगायचो, बघा, काही होत नाही. घाबरलेलं झाड जास्त फळं धरतं हे मला पुढं कुणीतरी सांगितलं. मग शेंडा वाळला. मग एक फांदी. २००५ च्या जुलैत तो पाऊस झाला त्यात मध्यरात्री अख्खा फणस रस्त्यावर आडवा झाला. मुळं बघितली तर बुंध्याभोवती हातभर, पुढं काही नाही. कुजून गेलेली.

मी तोडला नाही. हे मी बायकोला, मुलाला, शेजाऱ्यांना आणि स्वतःला वीस वर्षं सांगतोय. आईसाठी केलं होतं. आईसाठीच केलं होतं. आणि आई त्यानंतर अंगणात फार आलीच नाही, खिडकीतूनच बघायची.

आज्जीनं पुढचे दोन उन्हाळे काळी छत्री लावून बसून बघितलं. सिमेंट तापायचं, भाजी अकरालाच माना टाकायची. तिसऱ्या वर्षी ती आली नाही. तिचं नाव मी बावीस वर्षांत विचारलं नव्हतं, त्यामुळं येळ्ळुरात जाऊन चौकशी कुणाची करणार? तो फणस माझ्या उताऱ्यातल्या जागेत होता, कर मी भरत होतो. सावली मात्र त्या आज्जीच्या नावावर होती, आणि मी ती तिला न विचारता मोडून टाकली. तुला हे जरा जास्त वाटेल. वाटू दे. मी रोज त्या फाटकातून जातो.

म्हणून मी घर विकत नाही. पुण्यात माझा मुलगा सूसकडं राहतो, तो दर दिवाळीला म्हणतो, “बाबा, बिल्डर चांगले पैसे देतोय, तुम्ही उगीच अडून बसलाय.” बसलोय. मागं बकूळ आहे आणि एक आंबा आहे, आणि फाटकाकडचं सिमेंट २०१६ मध्ये मी स्वतः उभं राहून फोडून घेतलंय. मजुरानं विचारलं, “का फोडायचं?” त्याला सांगता आलं नाही. तिथं आता गवत आहे आणि पावसात शेवाळही. मी काठी घेऊन चालतो. मुलगा म्हणतो तसा हा हट्ट असेल, किंवा ह्या वयात सामान हलवायचा कंटाळा असेल. मी त्याला झाडं म्हणतो.

तुझ्या आईला टिळकवाडीतला फ्लॅट हवाय, त्यावर तू वैतागलीस. तिचं कारण झाडांशी काही संबंध नसलेलं आहे. रात्री साडेनऊला छातीत दुखलं तर त्या लेआऊटमध्ये ऑटो येतो का, हे ती विचारतेय. तू आठवड्यातले तीन दिवस कॉम्प्युटरसमोर दार लावून बसणार आणि महिन्यातून एकदा बेंगळूरला जाणार. मग त्या हिरव्या शांततेत ती कुणाशी बोलणार? वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली की लाईट जाणार, ती दुपारपर्यंत येणार नाही. माघ-फाल्गुनात पाला पडेल तो पोत्यानं. शेजारी पाला पेटवेल आणि धूर तुझ्या खोलीत येईल. धामण निघेल. झाडाखाली राहायचं म्हणजे हे सगळं आलं. हे नको असेल तर सरळ सांग, त्यात लाज नाही. मला राग येतो तो फोटोत झाड हवं आणि अंगणात पान नको म्हणणाऱ्यांचा.

अजून एक, आणि हे सांगताना मला त्रास होतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि रस्त्यावर होतो. त्या दिवसांत शपथ घेतल्यासारखं ठरवलं, ही लिपी वाचणार नाही. बोलायला येत होतं, बाजारात बोलायचोही. वाचणार नाही, एवढंच. पुढं आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरलं. कडेला तीन गुलमोहर होते. हरकतींची नोटीस विजेच्या खांबावर चिकटवलेली, नुसती कन्नडमध्ये. पंधरा दिवस मी दूध आणायला त्या खांबावरून गेलो. धारवाडकडचे शेजारी होते, त्यांना वाटलं मला माहीतच असणार. मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी करवत आली. मी एकसष्टाव्या वर्षी नातवाच्या अंकलिपीवरून कन्नड वाचायला शिकलो. मराठी माणसाला कागद मराठीतून मिळाला पाहिजे, हे मी आजही प्रत्येक अर्जात लिहितो आणि मरेपर्यंत लिहीन. खरं त्या खांबावरचा कागद मी वाचायला हवा होता. तुला शाळेपासून कन्नड येतं. मंजुरीचे कागद, मास्टर प्लॅनमधले नियोजित रस्ते, सगळं स्वतः वाच. एजंटानं वाचून दाखवलेलं ऐकू नको. त्या रेनट्रीच्या बुंध्यातून एखादा ऐंशी फुटी रस्ता कागदावर आधीच गेलेला असेल, तर ती सावली रस्त्याच्या नावावर आहे.

“मग घेऊ की नको?” तू परत तेच विचारशील, मला माहीत आहे. मी तुझ्यासाठी हो किंवा नाही म्हणणार नाही. माझ्या हो-नाहीचे काय झाले ते वर लिहिलंय. परवा सकाळी मात्र एकटी त्या झाडाखाली जाऊन बस. एजंटाला सांगू नको. दहा ते बारा. कोण सावलीला थांबतं ते बघ. गवंडी डबा खायला येतील, कुणी म्हैस बांधेल, येळ्ळूरकडून कुणी भारा घेऊन येऊन टेकेल. त्यांच्याशी बोल, आणि नाव विचार. झाड कुणी लावलं, कुणाच्या बांधावरचं, पाणी कुठवर येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग घरी न जाता सरळ माझ्याकडं ये. जेवायलाच ये, तुझी काकू आंबे डाळ करणार आहे.

आईला नमस्कार.

तुझा,
काका

ता. क. तुझी छत्री इथंच राहिलीय, निळी. आणि उताऱ्याची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढून आण. रविवारी तू एकच बाजू आणली होतीस, मागच्या बाजूला काय आहे ते मला बघायचंय.